छोट्या ट्रम्पेटची मोठी मुशाफिरी

जर्मनीतील लुडविग्सबुर्ग या गावातील एका स्टुडिओत सप्टेंबर १९७८ मध्ये तीन वादक ध्वनिमुद्रणासाठी एकत्र जमले होते. त्यांपैकी कॉलिन वॉलकॉट हा न्यूयॉर्कचा. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार आणि उस्ताद अल्लारखाँ यांच्याकडे तबला शिकलेला. दुसरा नाना वास्कोन्सेलोस हा ब्राझीलमधील रेसिफे शहरातला. त्याच्या हाती होते बेरिंबाव, म्हणजे धनुकलीला एकच तार ताणून तिला पोकळ भोपळा बांधलेले लोकवाद्य. तिसरा डॉन चेरी. ओक्लाहोमा सिटीत जन्मलेला, लॉस एंजल्समध्ये वाढलेला आणि स्वीडनमधील एका खेड्यात बिऱ्हाड थाटलेला हा कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंत आपला छोटा ट्रम्पेट, काही बासऱ्या आणि पश्चिम आफ्रिकेतील माली देशातल्या शिकाऱ्यांचे एक तंतुवाद्य घेऊन आला होता. तिघांच्या नावांची आद्याक्षरे जोडून या त्रयीचे नाव ठेवले गेले ‘कोडोना’.

वरवर पाहता हा मेळ विजोड वाटावा असाच होता. एकीकडे ‘अवाँ गार्द’ म्हणून ओळखले जाणारे, रूढ संकेत मोडून टाकणारे आणि महानगरांतील मोजक्या रसिकांपुरते उरलेले संगीत. तर दुसरीकडे गावाच्या, जमातीच्या, विधी-उत्सवांच्या आधाराने पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले लोकसंगीत. एकाला ध्यास नव्याचा, दुसऱ्याला आस्था जुने जपण्याची. या दोहोंना एका बैठकीवर आणता येते काय? आणि आणलेच, तर त्यात लोकसंगीताचा मान राहतो, की ते दिवाणखान्यातील शोभेची वस्तू होऊन बसते? हा प्रश्न अजूनही पुरता सुटलेला नाही. डॉन चेरीने मात्र आयुष्यभर त्याचे स्वतःपुरते एक उत्तर शोधले. ज्याचे संगीत हवे त्याच्या दाराशी विद्यार्थी म्हणून जावे, हे ते उत्तर.

डॉन चेरीचा जन्म १८ नोव्हेंबर १९३६ रोजी ओक्लाहोमा सिटी येथे झाला. वडील आफ्रिकन-अमेरिकन, तर आईकडून चॉक्टॉ या अमेरिकेतील आदिवासी जमातीचा वारसा. आई आणि आजी पियानो वाजवीत आणि वडील ट्रम्पेट. वडिलांचा ‘चेरी ब्लॉसम क्लब’ नावाचा क्लब होता आणि तेथे त्या काळातील नामांकित जॅझ वादक हजेरी लावून जात. १९४० साली हे कुटुंब लॉस एंजल्सला आले आणि वॉट्स या वस्तीत राहू लागले. वडिलांनी तेथे सेंट्रल अॅव्हेन्यूवरील एका क्लबमध्ये मद्यालय सांभाळण्याचे काम धरले. सेंट्रल अॅव्हेन्यू हा त्या शहरातील कृष्णवर्णीयांच्या संगीताचा मुख्य रस्ता. अशा घरात आणि अशा रस्त्यावर वाढणाऱ्या मुलाच्या कानावर सूर आपसूकच पडत होते.

शाळेत मात्र त्याचे मन रमेना. स्वतःची शाळा बुडवून तो जेफर्सन हायस्कूलमध्ये जाई, कारण तेथील वाद्यवृंद नावाजलेला होता. या दांडीयात्रेचा परिणाम व्हायचा तोच झाला आणि त्याची रवानगी वाट चुकलेल्या मुलांसाठी असलेल्या सुधारशाळेत झाली. तेथे त्याची गाठ पडली बिली हिगिन्स या तरुण ड्रमवादकाशी. पुढे दोघांनी मिळून जॅझच्या इतिहासात जी खळबळ उडवून दिली, तिची सुरुवात अशी शिक्षा म्हणून मिळालेल्या शाळेत झाली.

त्या खळबळीचा सूत्रधार होता ऑर्नेट कोलमन हा सॅक्सोफोनवादक. टेक्सासमधील फोर्ट वर्थहून तो लॉस एंजल्सला आला होता. जॅझमध्ये त्या काळी गाण्याच्या चालीखाली स्वरसंघातांचा, म्हणजे ‘कॉर्ड’चा एक ठरलेला फेरा असे. वादकाने उत्स्फूर्त वादन करायचे ते त्या फेऱ्याच्या चौकटीत राहून. आपल्याकडे तालाचे आवर्तन जसे कलावंताला बांधून ठेवते, तसाच काहीसा हा प्रकार. फरक एवढाच, की येथे कोणत्या मात्रेवर कोणते स्वर योग्य ठरतील हेही बऱ्याच अंशी आधीच ठरलेले असे. कोलमनने ही चौकटच बाजूला सारली. पियानो काढून टाकला आणि उरवले ते केवळ सूर, लय आणि शेजारी काय वाजतो आहे याचे भान. स्वातंत्र्य मिळाले खरे, पण त्याबरोबर आधारही गेला. आता चुकू नये म्हणून भरवसा ठेवायचा तो फक्त कानावर.

चेरीने हा भरवसा लवकर कमावला. कोलमनच्या अवघड, मध्येच वळणाऱ्या धुना दोघे मिळून वाजवीत तेव्हा मोजणीवाचून दोघांचा श्वास एकाच क्षणी सुटे. १९५८ साली कोलमनची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, तीत चेरी आणि हिगिन्स दोघेही होते. नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’ या क्लबमध्ये कोलमनच्या चौकडीचे वादन सुरू झाले आणि शहरातील संगीतविश्व दुभंगले. काहींना ही जॅझची नवी पहाट वाटली, तर काहींना निव्वळ फसवणूक. मूळ दोन आठवड्यांसाठी ठरलेला हा मुक्काम लांबतच गेला. चेरीच्या हातातील ट्रम्पेटही चेष्टेचा विषय झाला. तो पाकिस्तानी बनावटीचा ‘पॉकेट ट्रम्पेट’ होता. त्याच्या नळीची लांबी नेहमीच्या ट्रम्पेटएवढीच, पण वेटोळी अधिक घट्ट, त्यामुळे दिसायला अगदी खेळण्यासारखा. या खेळण्यातून चेरी जो थोडा कोरडा, थोडा कापरा, माणसाच्या बोलण्याच्या जवळ जाणारा आवाज काढी, तो पुढे त्याची ओळख ठरला.

२१ डिसेंबर १९६० रोजी कोलमनने आठ वादकांना घेऊन सुमारे ३७ मिनिटांची एक सलग रचना ध्वनिमुद्रित केली. ‘फ्री जॅझ’ हे तिचे नाव पुढे एका संपूर्ण प्रवाहाला मिळाले. त्याच वर्षी जॉन कोल्ट्रेनबरोबर चेरीने केलेली ध्वनिमुद्रिका १९६६ मध्ये बाजारात आली, तिचे शीर्षकच ‘द अवाँ-गार्द’ असे होते. वयाच्या २४व्या वर्षी चेरी नव्या संगीताच्या अगदी आघाडीवर उभा होता.

परंतु या आघाडीवरच्या संगीताची मुळे कोठे होती हेही पाहिले पाहिजे. कोलमन टेक्सासच्या ब्लूजमध्ये वाढलेला. बासवादक चार्ली हेडन लहानपणी आपल्या कुटुंबाबरोबर रेडिओवर ग्रामीण अमेरिकेची गाणी गात असे. पुढे हिगिन्सच्या जागी आलेला ड्रमवादक एड ब्लॅकवेल न्यू ऑर्लिन्सचा. त्या शहरातल्या मिरवणुकांच्या ठेक्यांवर त्याचा हात घडलेला. म्हणजे ज्या संगीताला टीकाकार मुळापासून तुटलेले म्हणत होते, ते वाजवणारे हात लोकसंगीतातूनच आले होते. शिवाय कागदावरच्या चौकटीवाचून, केवळ कानाच्या बळावर वाजवणे ही ‘फ्री जॅझ’ची कसोटी जगभरच्या लोककलावंतांना नवी नव्हती. गावच्या जत्रेत वाजवणाऱ्या सनईवाल्यासमोर नोटेशन कोठे असते? चेरीच्या पुढील सर्व प्रवासाची किल्ली येथे आहे. अवाँ गार्दमध्ये तो जे शिकला, त्याच्याच जोरावर त्याला लोकसंगीताच्या घरात पाऊल टाकता आले.

१९६२-६३ मध्ये सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्सच्या संचाबरोबर चेरी युरोपच्या दौऱ्यावर गेला. त्या दौऱ्यात स्टॉकहोम येथे त्याची ओळख मोनिका कार्लसन या तरुण चित्रकर्तीशी झाली. मोकी या नावाने ती पुढे ओळखली गेली आणि त्याच्या आयुष्याची, तसेच कलेचीही, भागीदार झाली. मोकीची मुलगी नेने हिला चेरीने आपलीच मुलगी मानले. १९६८ साली दोघांना ईगल-आय हा मुलगा झाला. ही दोन्ही मुले पुढे गायक म्हणून जगभर प्रसिद्ध झाली.

युरोपात चेरीच्या संचात अर्जेंटिनाचा सॅक्सोफोनवादक गातो बार्बिएरी आणि जर्मनीचा व्हायब्राफोनवादक कार्ल बर्गर असे वेगवेगळ्या देशांचे लोक आले. चेरीची रीत न्यारी होती. शॉर्टवेव्ह रेडिओवर कोठल्याही देशाचे केंद्र लागले, की तो कान देऊन ऐके आणि आवडलेली धून त्याच दिवशी ट्रम्पेटवर वाजवून पाही. कार्यक्रमात कोणती धून कधी येणार हे आधी ठरलेले नसे. त्याने दोन स्वर फुंकले, की बाकीच्यांनी ओळखायचे आणि मागोमाग जायचे. १९६५च्या डिसेंबरात त्याने ‘कम्प्लीट कम्युनियन’ ही पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका केली, तीतही धुनांमागून धुना अखंड माळेसारख्या येतात. कीर्तनात आख्यान सांगता सांगता बुवा एका अभंगातून दुसऱ्यात सहज शिरतात, तसे काहीसे हे ऐकताना वाटते.

१९६७-६८ मध्ये स्टॉकहोममध्ये चेरी आणि मोकी यांनी संगीत-कार्यशाळा सुरू केल्या. तेथे व्यावसायिक आणि हौशी असा भेद नव्हता. स्टॉकहोममध्ये स्थायिक झालेला तुर्की ट्रम्पेटवादक माफी फलाय याने तुर्की लोकधुनांची शिदोरी आणली. नऊ मात्रांचे, सात मात्रांचे, दोन आणि तीनच्या तुकड्यांनी बनलेले ते ठेके पाश्चात्त्य वादकांना सुरुवातीला अडखळायला लावीत. १९६८ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमबाहेरच्या एका घरात या मंडळींनी केलेले ध्वनिमुद्रण तब्बल अर्धशतकाहून अधिक काळ पडून राहिले आणि २०२१ मध्ये प्रकाशित झाले. १९६९ मध्ये चेरी अंकारा येथे गेला आणि तेथे तुर्की वादकांसह त्याने कार्यक्रम केला. त्यात बराचसा भाग फलायकडून मिळालेल्या तुर्की लोकधुनांचा होता. ड्रमवर असलेला ओकाय तेमिझ त्यानंतर अनेक वर्षे त्याचा साथीदार राहिला.

दरम्यान नोव्हेंबर १९६८ मध्ये बर्लिनच्या जॅझ महोत्सवात त्याने ‘इटर्नल ऱ्हिदम’ सादर केले. त्यात जर्मन, स्वीडिश, नॉर्वेजियन, फ्रेंच आणि अमेरिकन वादक होते, आणि वाद्यांत इंडोनेशियाच्या गॅमेलान वाद्यवृंदातली धातूची वाद्येही होती. पुढल्याच वर्षी हेडनच्या ‘लिबरेशन म्युझिक ऑर्केस्ट्रा’त चेरी सहभागी झाला. स्पेनच्या यादवी युद्धातील लोकगीते या वाद्यवृंदाने नव्या जॅझच्या अंगाने मांडली होती. व्हिएतनाम युद्धाचा तो काळ; जुन्या लढ्याची गाणी त्या काळात निराळ्या अर्थाने ऐकली गेली.

१९७० साली चेरी आणि मोकी यांनी दक्षिण स्वीडनमधील टोगार्प या खेड्यात एक जुनी शाळेची इमारत विकत घेतली. तेथेच त्यांनी संसार मांडला आणि तालीमही. मोकी कापडाचे रंगीत तुकडे जोडून मोठमोठे भित्तिपट शिवी. कार्यक्रमाच्या वेळी तेच रंगमंचामागे टांगले जात. वादक सतरंज्यांवर बसत, मुले मध्येच बागडत आणि श्रोत्यांनाही गायला लावले जाई. ज्या मुलाला शाळेत बसवत नव्हते, तो आता शाळेच्याच इमारतीत राहून गावोगावच्या मुलांना गाणी शिकवत होता. या अनुभवाला त्यांनी ‘ऑरगॅनिक म्युझिक’ असे नाव दिले. न्यूयॉर्कच्या क्लबांत धूर, मद्य आणि मादक पदार्थ यांच्या सान्निध्यात जगणाऱ्या जॅझ वादकांच्या पिढीत घराच्या आधाराने उभे राहिलेले हे संगीत अगदी वेगळे होते. त्यातला मोकीचा वाटा दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. २००९ मध्ये तिचे निधन झाले, आणि त्यानंतरच्या काळात तिच्या कामाकडे स्वतंत्रपणे पाहिले जाऊ लागले.

याच काळात चेरीच्या हाती आले ‘दोंसो न्गोनी’. ‘दोंसो’ म्हणजे शिकारी. मोठ्या भोपळ्यावर कातडे ताणून, त्यात दांडा रोवून सहा तारा लावलेले हे वाद्य मालीत शिकाऱ्यांच्या मंडळींत, त्यांच्या विधींत आणि शौर्यकथांच्या गायनात वाजते. दांड्याच्या टोकाला लावलेला पत्र्याचा तुकडा तारांबरोबर खुळखुळत राहतो. क्रिस्टर बोथेन हा स्वीडिश संगीतकार १९७१-७२ मध्ये मालीत जाऊन तेथील शिकारी-वादकाकडून हे वाद्य शिकून आला आणि त्याने ते चेरीला शिकवले. ट्रम्पेटवर जगभर नाव कमावलेल्या माणसाने चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा एकवार पहिला धडा गिरवायला घेतला. पुढे तो हे वाद्य एखाद्या एकतारीसारखे सतत जवळ बाळगी. त्याचा एकच आवर्ती ठेका धरून त्यावर गाणे ही त्याची कार्यक्रम सुरू करण्याची आवडती पद्धत झाली.

भारतीय संगीताशीही त्याचे नाते असेच जडले. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्याने मैहर परंपरेतील सरोदवादक वसंत राय यांच्याकडे शिक्षण घेतले. ऑक्टोबर १९७१ मध्ये जर्मनीच्या डोनाउएशिंगेन येथील आधुनिक संगीताच्या महोत्सवात पोलंडचे विख्यात संगीतकार पेंडेरेत्स्की आणि चेरी या दोघांच्या रचना एकाच वाद्यवृंदाने सादर केल्या. युरोपीय नवसंगीताचे हे अत्यंत गंभीर व्यासपीठ. तेथील ध्वनिमुद्रिकेत चेरीच्या रचनेनंतर श्रोत्यांच्या आग्रहाखातर झालेला जो भाग आहे, त्याच्या शीर्षकात चक्क ‘सीता राम’ आहे. १९७८ मध्ये पॅरिस येथे दिल्ली घराण्याचे तबलावादक उस्ताद लतीफ अहमद खाँ यांच्यासह त्याने केलेल्या ध्वनिमुद्रिकेचे नावही ‘संगम’ असेच आहे. त्यात दोंसो न्गोनी आणि तबला समोरासमोर येतात, आणि गंमत अशी की, कोणीही कोणाची साथ करीत नाही. दोघेही एकमेकांच्या लयीत जागा शोधीत राहतात.

येथे तो जुना प्रश्न पुन्हा उभा राहतो. साठ-सत्तरच्या दशकांत पाश्चात्त्य संगीतात सतारीची, आफ्रिकी ढोलांची, गॅमेलानची लाट आली होती. त्यातील पुष्कळसा भाग निव्वळ फॅशनचा होता, हे आपल्याकडील अनेक जाणकारांनी त्या वेळीही ओळखले होते. चेरी त्यांच्यातलाच नव्हे काय? माली, तुर्कस्तान, ब्राझील, भारत अशी चहूकडची शिदोरी गोळा करणारा माणूस कोणत्या एका परंपरेत खोलवर उतरला? प्रामाणिकपणे सांगायचे, तर दोंसो न्गोनीवर तो मालीतल्या वादकाच्या तोडीचा कधीच झाला नाही आणि रागसंगीतातही त्याने उस्तादी मिळवली नाही. सत्तरच्या दशकातली त्याची काही ध्वनिमुद्रणे विस्कळीत आहेत; कोठे थांबावे हे त्यांना कळत नाही. जॅझच्या वर्तुळातील अनेकांना वाटे की, या भटकंतीपायी एका अव्वल ट्रम्पेटवादकाने आपले वाद्य दुय्यम केले. पारंपरिक धुनांतून उभ्या राहिलेल्या ध्वनिमुद्रिकांवर नाव मात्र महानगरातल्या कलावंताचे छापले जाते, हा आक्षेप तर केवळ चेरीपुरता नाही. त्या सगळ्या काळालाच तो लागू पडतो.

परंतु दोन गोष्टी त्याला त्या लाटेपासून वेगळे करतात. एक म्हणजे त्याची दिशा. बहुतेकांनी परदेशी वाद्य आपल्या गाण्यात आणून बसवले. चेरी स्वतः त्या वाद्याच्या घरी जाऊन बसला. तबल्यापुढे तबल्याच्या मात्रा मोजायच्या, तुर्की ठेक्यात नऊची नऊ पावले टाकायची, हे कष्ट त्याने टाळले नाहीत. दुसरी गोष्ट मालकीची. १९७८ साली स्वीडनमध्ये त्याच्यावर एक माहितीपट निघाला. ‘हे माझे संगीत नाही’ अशा अर्थाचे त्याचे शीर्षक आहे. कलेच्या बाजारात स्वतःची मुद्रा उमटवण्यासाठी धडपडणाऱ्या जगात एखाद्या संगीतकाराची ओळख अशा शीर्षकाने व्हावी, यातच त्याचा स्वभाव आला. धुना आपल्यातून वाहत जातात, आपण त्यांचे वाहक, ही त्याची धारणा होती. आपल्याकडील वारकऱ्याला किंवा गोंधळ्याला ती परकी वाटू नये.

‘कोडोना’त ही धारणा सर्वांत सुरेल रूपात ऐकायला मिळते. मानफ्रेड आयशर या चोखंदळ निर्मात्याच्या ‘ईसीएम’ कंपनीने या त्रयीच्या तीन ध्वनिमुद्रिका काढल्या. १९७८, १९८० आणि १९८२ मध्ये त्या ध्वनिमुद्रित झाल्या. येथे वाद्यांची गर्दी नाही. बेरिंबावच्या एकाच तारेवर वास्कोन्सेलोस दगडाने दाब देत काडी मारतो, तेव्हा त्यातून लय आणि स्वर एकदमच निघतात. वॉलकॉटची सतार येथे आलापी करीत नाही की झाल्याची चमक दाखवत नाही; ती दोन-चार स्वरांत घुटमळते, कारण त्या जागी तेवढेच हवे असते. त्यावरून चेरीचा ट्रम्पेट दुरून हाक आल्यासारखा येतो. पहिल्या ध्वनिमुद्रिकेत कोलमनच्या धुना आणि लोकप्रिय गायक स्टीव्ही वंडरची धून एकाच माळेत ओवल्या आहेत, तर तिसरीची सुरुवात एका पारंपरिक जपानी धुनेने होते. कोण लोककलावंत आणि कोण प्रयोगशील, हा भेद येथे उरतच नाही. रेसिफेचा वादक लोकवाद्यावर अत्यंत धाडसी प्रयोग करतो आणि अवाँ गार्दचा अध्वर्यू एखादी साधी अंगाई गुणगुणतो.

हा मेळ नियतीने फार काळ टिकू दिला नाही. वॉलकॉट हा ‘ओरेगॉन’ या दुसऱ्या संचातही वाजवीत असे. त्या संचाच्या दौऱ्यावर असताना ८ नोव्हेंबर १९८४ रोजी पूर्व जर्मनीत मॅग्डेबुर्गजवळ बसला अपघात झाला आणि त्यात अवघ्या ३९व्या वर्षी त्याचा अंत झाला. ‘कोडोना’ तेथेच संपले.

येथून हा धागा थेट मुंबईला येऊन मिळतो. ‘ओरेगॉन’मध्ये वॉलकॉटची जागा घेतली ती त्रिलोक गुर्टू यांनी. १९५१ साली मुंबईत जन्मलेले त्रिलोक हे ख्यातनाम ठुमरी गायिका शोभा गुर्टू यांचे चिरंजीव. सत्तरच्या दशकात युरोपात धडपडत असताना त्यांनी चेरीबरोबर वाजवले होते. तबल्याचे बोल, ड्रम आणि पाण्याने भरलेली बादली या सर्वांना एकाच वाद्यसाजात बसवणाऱ्या या वादकाने १९८८ मध्ये ‘उस्फ्रेत’ ही आपली ध्वनिमुद्रिका सादर केली. तीत ट्रम्पेटवर डॉन चेरी आहे आणि गायनाला शोभाताई. बेळगावात जन्मलेल्या, ठुमरी, दादरा, कजरी, होरी असे लोकसंगीताच्या मातीतून उगवलेले प्रकार हयातभर गायलेल्या शोभाताईंचा भारदस्त स्वर आणि न्यूयॉर्कच्या ‘फाइव्ह स्पॉट’मध्ये वादळ उठवणारा तो छोटा ट्रम्पेट एकाच ध्वनिमुद्रिकेत नांदावेत, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. शोभाताईंनी त्यासाठी आपली गायकी सोडली नाही, हे विशेष. आसपासचे संगीत कितीही नवे असो, त्यांचा स्वरलगाव बैठकीतलाच राहिला. मेळ साधायचा, तर आपापले घर घट्ट असावे लागते, याचा हा उत्तम दाखला.

चेरीचे स्वतःचे घर मात्र तितके घट्ट राहिले नव्हते. तरुणपणी न्यूयॉर्क-लॉस एंजल्सच्या जॅझ जगतात जडलेले हेरॉइनचे व्यसन टोगार्पच्या निसर्गातही पुरते सुटले नाही. ते अधूनमधून डोके वर काढीत राहिले. त्यापायी कार्यक्रम बिघडले आणि घरच्यांनाही झळ सोसावी लागली. सगळ्या जगाला एका सतरंजीवर बसवू पाहणाऱ्या माणसाला स्वतःशी मात्र शांततेने बसता येत नव्हते, ही या आयुष्यातील वेदना. तिच्याकडे काणाडोळा करून त्याला संत ठरवणे हे त्याच्यावरही अन्यायाचे होईल.

१९८७ साली लंडनमध्ये काही ध्वनिमुद्रिका कंपन्यांची मंडळी जमली आणि दुकानांत निरनिराळ्या देशांचे संगीत एका कप्प्यात विकता यावे म्हणून त्यांनी ‘वर्ल्ड म्युझिक’ ही पाटी मुक्रर केली. चेरी हे काम त्याआधी वीस वर्षे पाटीवाचून करीत होता. १९९० मध्ये त्याची ‘मल्टिकल्टी’ ही ध्वनिमुद्रिका आली, तोवर हा शब्दच जगाच्या तोंडी रुळू लागला होता. बाजार तेजीत आला, पण त्या तेजीचा लाभ चेरीच्या वाट्याला बेताचाच आला. यकृताच्या कर्करोगाने तो खंगत गेला आणि १९ ऑक्टोबर १९९५ रोजी स्पेनमधील मालागा येथे त्याचे निधन झाले. वय होते अवघे ५८. नाना वास्कोन्सेलोस २०१६ मध्ये गेला आणि ‘कोडोना’चा शेवटचा दुवाही निखळला.

आज जगातील कोणत्याही दोन शहरांतले वादक न भेटता एकमेकांच्या ध्वनिमुद्रणांवर आपले वादन चढवू शकतात. मालीच्या न्गोनीचा आवाज संगणकाच्या कळीवर येऊन बसला आहे. आपल्याकडेही गोंधळ, लावणी, भारूड यांना गिटार आणि ड्रमची जोड देणारे ‘फ्यूजन’चे कार्यक्रम हाउसफुल होतात. त्यातले काही टिकतात, बरेचसे विरून जातात. का, याचे उत्तर चेरीच्या आयुष्यात सापडते. दोन संगीते एकत्र ठेवल्याने जुळत नाहीत. ती जुळतात ती एकमेकांना ऐकणाऱ्या माणसांमुळे. संबळाच्या ठेक्यावर गिटार वाजवणाऱ्या तरुणाने आधी त्या संबळवाल्याच्या अंगणात काही काळ घालवला आहे की नाही, हे श्रोत्याला पहिल्या दोन मिनिटांत कळते. ठेका येतो, पण त्याच्या पाठीमागची रात्र येत नाही.

डॉन चेरीला सर्वच परंपरा पेलल्या असे नाही. परंतु प्रसिद्धीच्या शिखरावर असताना पुन्हा पहिलीत जाऊन बसण्याचा जो विनय त्याने दाखवला, तो महानगरी प्रयोगशीलतेत आजही दुर्मीळ आहे. मोठ्या कलावंताला नवे शिकण्यासाठी आपल्या मोठेपणाची किंमत मोजावी लागते. चेरीने ती मोजली आणि बदल्यात अनेक शहरांतल्या, अनेक गावांतल्या कलावंतांच्या घरी त्याला जागा मिळाली.